नानांची चूप

जळगावच्या कचेरीत तार आली तेव्हा मी एका शेताचं क्षेत्र दुसऱ्यांदा काढत होतो. पहिल्यांदा आलेला आकडा बरोबर वाटत होता, पण दुसऱ्यांदा काढून जुळल्याशिवाय पुढे जायचं नाही ही माझी जुनी सवय. शिपायानं तार टेबलावर ठेवली. नाना आज पहाटे गेले... एवढंच होतं. मी तारेची घडी करून खिशात ठेवली, क्षेत्र पुरतं काढलं, आकडा जुळला, खाली सही केली आणि मग रजेचा अर्ज लिहायला घेतला. हे मी अभिमानानं सांगत नाही. त्या घडीला हाताला जे करता आलं ते हातानं केलं, इतकंच.

एसटी एरंडोल, पारोळा करत दुपारी धुळ्याला पोचली. स्टँडवरून नानांच्या गल्लीपर्यंत चालत गेलो आणि गल्लीच्या तोंडाशी पाय आपोआप थांबले. माणसं जमलेली दिसण्याच्या आधीच काहीतरी निराळं आहे हे कळलं होतं. दोन-चार पावलं गेल्यावर उलगडा झाला. नानांच्या घरामागची शेंगदाण्याची तेलगिरणी बंद होती. मालकानं नानांसाठी ती दिवसभर बंद ठेवली होती. नऊ वर्षं मी त्या गल्लीत राहिलो, गिरणीची घरघर अंगवळणी पडली होती, ती चालू असताना ऐकूही येत नसे. आणि आज बंद होती तर गल्लीच्या तोंडापासून ऐकू येत होती. ऐकू काय येत होतं? काहीच नाही. नानांचा आणि माझा वाद होता तो नेमका हाच. तो वाद आठवला, आणि ज्याच्याशी घालायचा तो माणूस आत पांढऱ्या चादरीखाली आहे, हेही.

मी त्रेसष्ट साली यावलहून बदली होऊन धुळ्याला आलो. नोकरी जमीनमोजणीच्या खात्यात. नानांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. पुढच्या बाजूला त्यांचं दुकान, त्यात दोरखंड, बादल्या, फावडी, खिळे असा शेतीला लागणारा माल. दुकानामागे बैठक, मग स्वयंपाकघर, चौक आणि आमच्या खोल्या. नाना मारवाडी जैन, स्थानकवासी. आजोबा मारवाडातून आले ते बैलगाडीनं की पायी, यावर घरात अजून एकमत नव्हतं. घरात ते मारवाडी बोलत, माझ्याशी मराठी, आणि साक्रीकडच्या गिऱ्हाइकाशी इतकी सरळ अहिराणी की नवखा माणूस त्यांना त्यांचं गाव विचारी. खोल्या घ्यायच्या आधी मी खिशातली टेप काढून त्या मोजल्या, तेव्हा ते दारात उभं राहून पाहत होते. म्हणाले, “भाड्यानं घेताय की सातबारा काढताय?” त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी मोजणीसाहेब झालो. माझं खरं नाव त्यांनी पुढे कधी उच्चारलं असेल तर मला आठवत नाही.

राहायला येऊन आठवडाही झाला नसेल. सकाळी चौकातला नळ गळतो हे सांगायला मी बैठकीत गेलो. नाना भिंतीशी आसनावर बसले होते, तोंडावर पांढरी पट्टी बांधलेली. मी नळाचं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी हात वर करून थांबा अशी खूण केली. मी परत आलो आणि बायकोला म्हणालो, मालक शिष्ट दिसतात. ती म्हणाली, “तुम्हीच काहीतरी बोलला असाल.” बारा वाजून गेल्यावर नाना स्वतः आमच्या दारात आले. “बोला मोजणीसाहेब, सकाळी काय भांडत होतात माझ्याशी?” मग कळलं, त्या दिवशी चौदस होती. दर चौदसला सूर्योदयापासून दुपारपर्यंत त्यांचं मौन असे. त्यातला पहिला भाग सामायिकेचा. सामायिक म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं एका जागी समतेनं बसणं. तेवढा वेळ मोजायला समोर वाळूची काच ठेवलेली असे. वरची वाळू खाली आली की एक सामायिक झाली. तोंडावरच्या पट्टीला मुहपत्ती म्हणतात. सामायिकेत बसलेल्या पुरुषाला बाईमाणसानं शिवायचं नाही, मग ती बायको का असेना. अठ्ठेचाळीस मिनिटं हा आकडा मला आवडला. मी माझ्या घड्याळावर त्यांची काच तपासली. ती पन्नास मिनिटं घेत होती. नानांना सांगितलं तर म्हणाले, “दोन मिनिटं देवाला जास्त गेली. परत मागायची का?”

सामायिका झाल्यावर ते मौनातच दुकानात येऊन बसत. ही गोष्ट गिऱ्हाइकांना पाठ झाली होती. एकदा साक्रीकडचे चार-पाच जण आले. त्यातला एक म्हातारा बाकीच्यांना मोठ्यानं सांगत होता, “नानाले आज ना म्हनता येत नही. जे लेवानं शे ते बठ्ठं आजच ली ल्या रे!” आजच सगळं घेऊन टाकायचा हा बेत ऐकून नाना हसले, मान ठामपणे नकारार्थी हलवली आणि बाकाकडे बोट दाखवलं. ते लोक खरोखर बारा वाजेपर्यंत बाकावर बसून राहिले. बारा वाजले आणि नानांचं पहिलं वाक्य आलं, “तोंड बंद व्हतं, मुंडी बंद नव्हती ना भाऊ!” सगळं दुकान हसलं. त्यांच्या मौनात आंबटपणा कधीच नव्हता. ते मौन म्हणतही नसत. “माझी चूप” म्हणत, जणू ती घरात पाळलेली एखादी गाय असावी.

त्या चुपेवरून आमचा वाद लागला. नाना म्हणायचे, चूप ऐकू येते. मी म्हणायचो, आवाज ऐकू येतो. तो नाही हे आपण मनानं समजतो, त्याला ऐकणं म्हणत नाहीत. ते म्हणायचे, मग रिकाम्या घराची चूप आणि झोपलेल्या माणसाच्या घराची चूप वेगळी कशी लागते? रागाची वेगळी, जेवण झाल्यावरची वेगळी. मी म्हणायचो, तो तुमचा अंदाज. एकदा आम्ही दुकानात बसलो होतो. आतून काहीच आवाज येत नव्हता. नाना बोलता बोलता थांबले आणि म्हणाले, “आत्ता आत जी चूप आहे ना, ती माझ्यावर आहे.” उठून आत गेले. काकी, म्हणजे त्यांची बायको, खरंच चुलीसमोर पाठ करून बसली होती. धाकट्या मुलीला लिहिलेलं पत्र टाकायला दिलेलं, ते तीन दिवस नानांच्या कोटाच्या खिशात होतं. बाहेर येऊन मला म्हणाले, “अंदाज, नाही का?” मी म्हणालो, एका उदाहरणानं काही सिद्ध होत नाही.

मग आम्ही प्रयोग केला. आता सांगताना हसू येतं, पण तेव्हा मी तो अगदी नेटानं केला होता. दुपारी साडेबाराला गिरणी जेवणासाठी बंद होई. नानांनी डोळे मिटून बसायचं आणि मी घड्याळ पाहायचं. एके दिवशी दहा मिनिटं सलग शांतता मिळाली. दुसऱ्या दिवशीही दहाच मिनिटं, पण मध्यावर एक सायकलवाला घंटी वाजवत गेला. मी विचारलं, कोणत्या दिवशीची मोठी? नाना लगेच म्हणाले, कालची. मी सांगितलं, दोन्ही सारख्या आहेत. मग जागा बदलल्या, घड्याळ त्यांच्या हातात, डोळे माझे मिटलेले. आणि मला कबूल करावं लागलं की मलाही सलग दहा मिनिटं जास्त लांब वाटली. त्यावर मी बरेच दिवस विचार केला. मोजणीचं माझं एक साधं तत्त्व आहे. असलेल्या जमिनीची मोजणी चुकू शकते. नसलेल्या जमिनीची मोजणी चुकत नाही, कारण ती होतच नाही. शांततेची लांबी मोजताना माझी चूक झाली होती. म्हणजे मोजायला तिथे काहीतरी होतं. हे मी नानांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझी पाठ थोपटली. “सरकारी माणसानं मान्य केलं! आता नकाशावर दाखवा.” पुढे ते म्हणाले ते मला जसंच्या तसं आठवतं. “पण साहेब, तुम्हाला चूप आहे एवढंच कळलं. कसली आहे ते कळायला वेळ लागेल तुम्हाला.”

एकाहत्तर सालच्या श्रावणातली ती चौदस रविवारी आली होती. माझी मुलगी आणि बायको रावेरला गेल्या होत्या. आदल्या दिवशी तिथून पत्र आलं होतं, मुलीचं ठरल्याचं. मुलाकडे केळीचे मळे, माणसं चांगली, पत्रिका जुळलेली. ही बातमी पहिली नानांना सांगायची म्हणून मी साडेआठला बैठकीत गेलो. चौदस आहे हे ठाऊक होतं. पण आता आठ वर्षांची ओळख होती, त्यांच्या मौनात मी बसून बोलत असे आणि ते डोळ्यांनी उत्तरं देत. कधी काच उलटायची असली की बोटानं खूण करत, मी उलटून देत असे.

नाना नेहमीच्या जागी होते. भिंतीला टेकलेले, मुहपत्ती बांधलेली, डोळे उघडे. काकी सात वाजता जैन स्थानकात महाराजांच्या व्याख्यानाला गेली होती. काचेतली वाळू सगळी खाली होती. शेजारी पेला, त्यावर ताटली. हे सगळं मी पाहिलं. माझी नजर अशा गोष्टी पाहतेच. मी समोर बसलो आणि बोलू लागलो. मुलाचं शिक्षण, मळ्याचे एकर, विहिरी किती, वऱ्हाड किती येईल, धुळ्यातच लग्न करायचं तर कोणतं कार्यालय... नानांचा डावा हात थोडा उचलला गेला आणि काचेच्या दिशेनं आला. मी म्हणालो, “हो हो, उलटतो,” आणि काच उलटली. वाळू पुन्हा पडू लागली. पावणेनऊ वाजले होते.

मध्ये मांजर येऊन पेल्याशी घोटाळू लागलं. मी ताटली उचलली. दूध काठोकाठ होतं, वर जाड साय धरलेली. सूर्योदयाची सामायिक सात वाजता संपली की नाना गरम दूध घेत, हे मला माहीत होतं. मी मनाशी म्हटलं, आज उपास धरलेला दिसतो. पेला आत नेऊन फडताळात ठेवला आणि परत येऊन वऱ्हाडाचा आकडा पुढे चालू केला. साडेनऊच्या सुमाराला वाळू संपली. नानांनी खूण केली नाही, पण मी स्वतःहून काच पुन्हा उलटली. तेवढ्यात त्यांच्या डाव्या हातानं माझं मनगट धरलं. चांगलं घट्ट धरलं. मला हसू आलं. मी म्हणालो, “राहिलं नाना, फार बोललो. बसतो गप्प.” पकड सैल झाली. आणि मी गप्प बसलो.

त्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. गिरणी रविवारची बंद होती. दुकानाच्या फळ्या लावलेल्या. बाहेर कोणी नाही. मी नानांच्या समोर मांडी घालून बसलो होतो आणि मला वाटलं, आज कळली. नाना म्हणत होते ती चूप ही. भरलेली, निवांत, दोन माणसांना पुरेल एवढी. माझ्या छातीत इतकं शांत वाटत होतं की डोळे भरून आले. समोर माझ्या मित्राचा अर्धा देह मेलेला होता, तो मला हाक मारू शकत नव्हता, आणि मी त्याच्या पुढ्यात बसून समाधान पावत होतो.

दहाच्या सुमाराला काकी आली. दारातून तिनं काचेकडे पाहिलं. वरच्या बाजूला वाळू होती. ती मला मानेनंच “बसा” म्हणून आत गेली. वाळू संपली तेव्हा बाहेर आली, उंबऱ्यात उभी राहिली. नानांनी नेहमीसारखी मुहपत्ती सोडली नाही, हात जोडले नाहीत. ती थोडा वेळ पाहत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, “भाऊ, जरा हात लावून पाहा हो त्यांना.” मी खांद्याला हात लावला आणि नाना माझ्या अंगावर कलंडले. मी कानांमागचा दोरा काढला. पट्टीखाली तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, लाळेनं कापड भिजलेलं. त्या कापडानं ते सगळं सकाळपासून झाकून ठेवलं होतं.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, कधी झालं? काकीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “नक्की सांगता येत नाही.” ज्या माणसानं नोकरीत कधी अदमासे हा शब्द लिहिला नाही त्याचं हे उत्तर. नंतर मी डॉक्टरांना एकटं गाठून विचारलं, लवकर आणलं असतं तर? ते सरळ माणूस होते. म्हणाले, “फरक पडला असता असं सांगता येत नाही. पडला नसता असंही सांगता येत नाही.” हे वाक्य मी चार वर्षं बरोबर बाळगलं. त्यातला कोणताही अर्धा भाग दुसऱ्यावाचून धरता येत नाही.

नाना वाचले. उजवा हात-पाय गेला, वाचा गेली. घशातून एकच आवाज निघे, तोही त्यांना आवडत नसे, म्हणून ते तो काढत नसत. दुकान पुतण्या पाहू लागला. रावेरचं लग्न झालं, नानांना खुर्चीतून आणलं होतं. अक्षता टाकताना ते डाव्या हातानं टाकत होते आणि त्या दोन पावलांवर पडत होत्या. पुढल्या वर्षी माझी जळगावला बदली झाली. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी धुळ्याला जायचो. तीन वर्षांत चार रविवार चुकले, तेही मुलीच्या बाळंतपणामुळे. लोक म्हणत, किती प्रेम आहे पाहा. प्रेम होतंच. पण माझे पाय कशानं ओढले जात होते ते मला माहीत होतं.

मी त्यांच्याजवळ बसायचो, पेपर वाचून दाखवायचो, मग दोघंही गप्प. नानांचं म्हणणं खरं निघालं, वेळ लागला, पण हळूहळू मला फरक कळू लागला. पाठ दुखत असली की चूप वेगळी, धाकट्या मुलीची आठवण आली की वेगळी, माझं वाचन कंटाळवाणं झालं की तर फारच वेगळी. एकदा मी वाचता वाचता थांबून काकीला सांगितलं, त्यांना उन्हात बसायचंय. नानांनी भुवया उंचावून माझ्याकडे असं पाहिलं, की बोलता येत असतं तर “सरकारी माणसानं...” असं काहीतरी नक्की आलं असतं. हे सगळं त्या सकाळी यायला हवं होतं. आलं तेव्हा उशीर झाला होता.

संवत्सरीला जैन लोक एकमेकांची क्षमा मागतात. वर्षभरात जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर माफ करा, असं हात जोडून म्हणतात. बरे होते तेव्हा नाना दर वर्षी आमच्या दारी येत, माझ्या लहान मुलीलाही हात जोडत. आजारपणानंतर मी त्या दिवशी मुद्दाम जाऊ लागलो. दर वर्षी ठरवून जायचो की सांगायचं. काच मी उलटली होती. दूध मी पाहिलं होतं. तुम्ही मनगट धरलंत आणि मी हसलो. पण समोर गेलो की तोंडातून ठरलेलंच वाक्य यायचं, जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर... त्या वाक्यात सगळं येतं, म्हणून माझं काहीच सांगावं लागत नाही. नाना डावा हात कपाळाला लावायचे आणि माझ्याकडे पाहत राहायचे. त्यांना त्या सकाळचं आठवत होतं का? डॉक्टर म्हणत, बहुधा नसावं. मला मात्र त्या नजरेसमोर बसवत नसे. चार संवत्सऱ्या गेल्या. पाचवीला नाना नाहीत.

आणि काकीलाही मी काही सांगितलं नव्हतं. तिनंही कधी विचारलं नव्हतं. आता नाना गेल्यावर सहा आठवड्यांनी, मागच्या रविवारी, मी सवयीनं धुळ्याला गेलो. पुतण्या दुकानात होता. बैठकीत काकी एकटीच भिंतीला टेकून बसली होती. मला बसायला सांगितलं, मुलीची, नातवाची चौकशी केली. जळगावचं ऊन, धुळ्याचं ऊन. मग पदर सारखा केला आणि खाली पाहत म्हणाली, “भाऊ, एक विचारू? तुम्ही कधी खोटं सांगत नाही म्हणून विचारते. त्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा... दूध प्यायले होते का हो ते?”

प्रश्न का आहे ते मला त्याच क्षणी कळलं. दूध तिनं सात वाजता ठेवलं होतं आणि ती स्थानकात गेली होती. प्यायले असतील तर ती गेल्यानंतर झालं. प्यायले नसतील तर ती पेला ठेवायला वाकली तेव्हाच झालेलं होतं, किंवा होत होतं. पेला मी फडताळात ठेवलेला, त्या गडबडीत शेजारणीनं कधीतरी ओतून टाकलेला. उत्तर जगात फक्त माझ्याकडे होतं. हो म्हणालो असतो तर सत्तरीला टेकलेल्या बाईची उरलेली वर्षं सोपी झाली असती. नाही म्हणालो असतो तर खरं झालं असतं. मी तोंड उघडलं. दोन्हींपैकी काही येईना. किती वेळ गेला ते मी पाहिलं नाही. हातात घड्याळ असून पाहिलं नाही.

“बरं,” काकी म्हणाली. “ऐकलं मी.”

मग तिनंच सांगितलं. पेला ठेवायला ती वाकली तेव्हा नानांचा डावा हात उठला होता. काचेत थोडी वाळू वर होती, म्हणजे सामायिक संपली नव्हती. तिला वाटलं, मी फार जवळ आले, दूर हो म्हणतायत. “पटकन मागे झाले मी. माफी मागितली मनात. पट्टी बांधलेली, तोंड कसं दिसणार? आणि मी चालले गेले व्याख्यान ऐकायला.” ती रडली नाही. चार वर्षं तिनं हे कोणाला सांगितलं नव्हतं. मुलींना नाही, स्थानकातल्या महाराजांना नाही.

तेव्हा मी माझं सांगितलं. सगळं, वेळेसकट. पावणेनऊला उलटलेली काच, साय, साडेनऊला पुन्हा उलटलेली काच, मनगट. तू दहाला आलीस तेव्हा वरची वाळू नानांची नव्हती काकी, माझी होती. ती नसती तर तू तेव्हाच विचारलं असतंस. माझं संपल्यावर तिनं विचारलं, “तुमचं मनगट धरलं? घट्ट?” मी हो म्हणालो. “म्हणजे ताकद होती अजून,” ती म्हणाली, आणि तेव्हा मात्र तिचा आवाज गेला.

एकाच हाताचा अर्थ तिनं दूर हो असा लावला, मी आधी काच उलटा असा आणि मग गप्प बसा असा. तीन वेळा त्या माणसानं हाक मारली होती. हाक ऐकणारे आम्ही दोघं त्याच्यावर जीव टाकणारे, त्याचे नियम चोख पाळणारे. नियम कमी माहीत असलेला कोणीही रस्त्यावरचा माणूस आत आला असता तर त्यानं सरळ खांदा हलवला असता.

निघताना मी चाचरत म्हणालो, नानांवर पेपरात चार ओळी लिहाव्या असं मनात आहे, पण हे सगळं नाही लिहिणार. काकी उंबऱ्यापर्यंत आली होती. म्हणाली, “का नाही? हेच लिहा. ते चांगले होते हे गल्लीला ठाऊक आहे, त्यासाठी पेपर कशाला? घरात कोणी मौन धरून बसलं असेल तर मध्ये एकदा हात लावून पाहा म्हणावं. बायकांनीसुद्धा.” आणि पुढे म्हणाली, “नियम मोडल्याचं पाप लागत असेल तर माझ्या नावावर घाला म्हणावं.”